बाटलीतली पाने

एकदा एक काचेचे तळे होते आणि त्यात जगायला कुणी तयार नव्हते.

हे तळे एका शेठजींच्या नव्या घराच्या दिवाणखान्यात, दारासमोरच होते. माणूस आडवा झोपेल एवढे लांब, मागे काळी काच, वर दिव्यांची रांग. शेठजींना त्यात मासे नको होते. मासे मरतात, आणि नव्या घरात मरण नको, असे त्यांचे म्हणणे. त्यांना हवे होते पाण्याखालचे हिरवे रान. वास्तुशांतीला आलेल्या पाहुण्याने दारात चपला काढता काढताच थबकावे, एवढीच त्या रानाकडून त्यांची अपेक्षा होती.

असे रान लावणारा त्या नगरात एकच वृद्ध होता. लोक त्याला अण्णा म्हणत. त्याच्याकडे रोपे ओढ्यातून येत नसत, प्रयोगशाळेतून येत. बंद बाटलीत, चायना ग्रासच्या वडीसारख्या गोड, थरथरत्या थरावर वाढवलेली ती एवढीएवढी रोपे. बाटलीत वारा नाही, कीड नाही, धुळीचा कणही नाही. त्यामुळे ती अशी टवटवीत दिसत की कुणी चित्रात काढून ठेवली असावीत.

वृद्धाकडे एक शिष्या होती. शिष्या म्हणजे काय, आणून टाकलेली मुलगी. गावच्या शाळेत गुण कमी पडले म्हणून तिला जिल्ह्याच्या वसतिगृहात टाकले. तिथे ती सारखी आजारी पडू लागली म्हणून शहरातल्या क्लासला. क्लासनंतर औषधनिर्माणाच्या कॉलेजात. तिथे एके दिवशी ती वर्गात गेली नाही, दुसऱ्या दिवशी खाणावळीतही गेली नाही, आणि पुढे तिने बोलणेच सोडले. घरी आणल्यावर वडीलधाऱ्यांची बैठक बसली. तिच्यासमोरच तिच्याविषयी बोलणे झाले, मधे दोनदा चहा झाला, आणि तिचे मत तेवढे कुणी विचारले नाही. तिच्यात काय कमी आहे यावर सगळ्यांचे एकमत होते. बैठकीत एकमत होण्यासारखे दुसरे काही नव्हते.

मग वडिलांचे थोरले भाऊ, म्हणजे तिचे काका, तिला या वृद्धाकडे सोडून गेले. जाताना दारात उभे राहून म्हणाले, "ही शेवटची जागा. इथंही टिकली नाहीस, तर मग…"

वाक्य तिथेच सोडण्याची काकांची रीत होती. पुरे केले असते, तर भीतीला काही आकार तरी आला असता. अर्धे वाक्य वाढत राहते. मुलगी चिमटा हातात घेई तेव्हा ते तिच्या कानाशी असे. पाणी भरताना असे. ती पोळीचा तुकडा मोडी तेव्हाही असे.

वृद्धाची एक सवय तिने पाहिली होती. बाटल्या आल्या की तो त्यांची झाकणे एकदम काढत नसे. आज बोटभर उचलून खाली काडी सरकवी, उद्या थोडे आणखी. शेवटी रोपे ओल्या मातीच्या परातीत मांडी, वर पातळ कागद ताणून बांधी आणि त्याला रोज एक भोक पाडी. हे सगळे असे संथ चाले की पाहणाऱ्याला वाटावे, म्हातारा पूजाच करतो आहे.

"अण्णा, हे कशासाठी?" तिने एकदा विचारले होते.

"बघत राहा," वृद्ध म्हणाला होता.

ज्ञानी माणसांचे हे लाडके उत्तर आहे. त्याने सांगणाऱ्याचे वजन वाढते आणि विचारणाऱ्याच्या हाती काही पडत नाही.

शेठजी हे काकांचे जुने स्नेही. त्यांच्याच शब्दावर हे काम वृद्धाकडे आले होते, आणि वास्तुशांतीला काका येणार हे ठरलेले होते. कामाला हात लागण्याआधीच वृद्धाला एका देवस्थानचे कुंड पाहायला परगावी जावे लागले. निघताना तो एवढेच म्हणाला, "घाई करू नकोस." कशाची घाई, किती घाई, हे सांगण्याची तसदी त्याने घेतली नाही.

तो गेला आणि दुसऱ्याच सकाळी शेठजींचा निरोप आला. पुरोहितांनी जलपूजनाचा मुहूर्त काढून दिला होता. तळ्यात पाणी आणि पाण्यात रोपे, दोन्ही त्याच घटकेत व्हायला हवे होते.

"शेठजी, अण्णा येईपर्यंत थांबलं तर बरं," मुलगी म्हणाली. तिचे शेवटचे शब्द जेमतेम ऐकू आले.

"मुहूर्त अण्णांच्या एसटीसाठी थांबत नसतो, बाळ," शेठजी हसून म्हणाले. "आणि तुला येतं ना? का येत नाही असं कळवू तुझ्या काकांना?"

हे ते थट्टेनेच म्हणाले. पण जिला भ्यायची सवय लागली आहे, तिच्यापाशी थट्टा वेगळी निवडून काढायला सवड नसते. तिने या कामासाठी येऊन पडलेल्या बाटल्या फोडल्या. रोपांच्या मुळांचा गोड चिकट थर कोमट पाण्यात निगुतीने धुतला, कारण तेवढे तिला येत होते. जुड्या सोडवल्या. मंत्र चालू असताना एकेक रोप चिमट्याने मातीत खोचले आणि हळूहळू पाणी चढवले. शेठजींनी दिव्यांची अख्खी रांग लावली. तळे पाचूसारखे उजळले. आळीतून बायका पाहायला आल्या. शेठजींनी तिथूनच काकांना फोन लावला, "तुमची पुतणी हुशार निघाली हो." पलीकडून काका म्हणाले ते तिलाही ऐकू आले. ते म्हणाले, "बघू."

चार दिवस जेमतेम गेले असतील. सकाळी ती आली तेव्हा कडेच्या रोपांची पाने फोडणीतल्या कांद्यासारखी पारदर्शक झाली होती. दुसऱ्या दिवशी मधली. पानांना बोट लावले की ती बोटालाच चिकटून येत. पाणी ताकासारखे धुरकट झाले आणि दिवाणखान्यात एक मंद, कुजका वास फिरू लागला. शेठजींच्या घरच्यांनी त्यावर उदबत्ती लावली.

वास्तुशांत महिन्याभरावर आली होती. मुलीला काकांचा पांढरा सदरा दिसे, दारातली त्यांची उभी राहण्याची तऱ्हा दिसे, आणि ते 'तर मग' ऐकू येई. कुणी येण्याआधी सकाळी ती बाही सरसावून पाण्यात हात घाली आणि एकेक रोप दोन बोटांत धरून हलकेच ओढून पाही. धरले का मूळ? रोप अलगद हातात येई. ती ते पुन्हा खोची. दुसऱ्या दिवशी पुन्हा ओढून पाही. एकाही रोपाने माती धरली नव्हती, आणि का धरली नव्हती हे तिच्या लक्षात येण्याइतके तिचे डोके जागेवर नव्हते. भ्यालेल्या माणसाला प्रत्येक गोष्टीची खात्री रोजच्या रोज हवी असते.

शेवटी वृद्ध परतला. मुलगी त्याला काही सांगूच शकली नाही. ती नुसती पुढे चालत राहिली आणि तो मागून आला.

तळ्यासमोर शेठजी उभेच होते. "या अण्णा. मी बाग सांगितली होती, सांडगी मिरची नव्हे. आता ही हिरवी उरलीत तेवढी तरी वाचवा."

वृद्धाने तळे या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिले. मग पिशवीतून लांब कात्री काढली, पाण्यात हात घातला आणि कुजलेली पाने कापू लागला. इथवर सगळ्यांना समजत होते. पण कुजलेली संपल्यावर तो थांबला नाही. जी चार पाने अजून हिरवीगार होती, ज्यांच्याकडे पाहून मुलगी कसाबसा श्वास घेत होती, तीही त्याने बुडापासून छाटली. मातीवर नुसती खुंटे उरली.

"अहो, अहो," शेठजी पुढे आले. "ती चांगली होती."

वृद्धाने कापलेली पाने जाळीने काढून घेतली. पाणी निम्मे उपसून नवे भरले. पिशवीतून एक जुनाट, काळपट स्पंज काढला. तो त्याच्या घरच्या रोपांच्या जुन्या टाकीच्या गाळणीतला होता. तो त्याने स्वच्छ होऊ लागलेल्या पाण्यात धरला आणि दोन्ही हातांनी पिळला. तपकिरी गढूळ पाण्याचा लोट तळ्यात पसरला. मग त्याने अर्ध्याहून जास्त दिवे बंद केले आणि हात पुसले.

"आता यात कुणी हात घालायचा नाही," तो म्हणाला. "शेठजी, तुम्हीही नाही."

शेठजींनी त्या गढूळ काचेकडे पाहिले. त्यांचा आवाज आता थट्टेचा नव्हता. "म्हातारबा, ऐका. वास्तुशांत होईपर्यंत मी गप्प बसतो, कारण शब्द माझ्या मित्राचा आहे. पाहुणे हसले, तर संध्याकाळी हे सगळं उपसून प्लॅस्टिकची झाडं लावीन. ती निदान माझी शोभा करत नाहीत. आणि या मुलीचं काय करायचं, ते तिचे काका बघतील."

दोघे बाहेर पडले. फाटकाशी मुलीचे पाय थांबले. तिथल्या दगडी कट्ट्यावर ती बसली.

"हिरवी का कापलीत?" तिने विचारले.

"बघत…" वृद्धाने सुरुवात केली.

"नका," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता, पण त्या एका शब्दाने वृद्ध थांबला. "बघत राहा म्हणू नका. मला बघवत नाही."

वृद्ध तिच्या शेजारी बसला. मग बोलू लागला.

"बाटलीतलं पान बाटलीपुरतं असतं. तिथं साखर आयती, ओल कधी हटत नाही, झोंबायला काही येत नाही. मग पानाला स्वतःची कातडी कशाला लागते? ते पातळ राहतं, आणि त्या पातळपणालाच आपण टवटवी म्हणतो. बाहेर आलं की ते विरघळतं. हिरवी चार राहिली होती, तीही आज ना उद्या विरघळणारच होती, आणि सडून बाकीच्यांचं पाणी नासवणार होती. पण पान म्हणजे झाड नव्हे, पोरी. झाड खाली कंदात असतं. ते आधी मूळ धरतं, मग या पाण्याच्या मापाचं दुसरं पान काढतं, आणि ते पहिल्यासारखं नसतं. मधल्या काळात झाड मेल्यासारखंच दिसतं. लोक नेमके तेव्हाच त्याला उपटतात."

"आणि ती घाण?"

"घाण नव्हे, वस्ती आहे ती. डोळ्यांना न दिसणारे जीव. सडलेलं तेच पचवतात. कोऱ्या काचेत ते नसतात. लखलखीत पाणी म्हणजे ज्यात अजून कुणी राहत नाही असं पाणी."

मुलगी ऐकत होती. तिच्या मनात काहीतरी हळूहळू जागेवर बसत होते, आणि त्याच वेळी दुसरे काहीतरी पेटत होते.

"म्हणजे हे तुम्हाला आधीपासून माहीत होतं."

"होतं."

"झाकणं बोटबोट उचलत होतात ती याचसाठी. मी विचारलं होतं. सांगितलं असतंत, तर मुहूर्त असो नाही तर काही असो, मी बाटल्या फोडल्या नसत्या. शेठजींना तोंड देता आलं असतं मला. माझ्याकडे बोलायला काही तरी असतं."

"माझ्या गुरूनं मलाही सांगितलं नव्हतं," वृद्ध म्हणाला. "स्वतः बघून शिकलेलं…"

"ते कारण झालं नाही, अण्णा. तुम्ही बघून बघून शिकलात, तोवर किती रोपं मेली?"

रस्त्यावरून एक हातगाडी गेली. ती वळणाआड होईपर्यंत वृद्ध गाडीकडे पाहत राहिला.

"पुष्कळ," तो म्हणाला. मग म्हणाला, "खरं आहे तुझं. ते कारण झालं नाही."

इतक्या वर्षांत एखाद्या वडीलधाऱ्याच्या तोंडून मुलीने हे वाक्य प्रथमच ऐकले. त्याचे काय करायचे हे तिला कळेना.

"मग आता सांगा," ती म्हणाली. "मूळ धरलं हे कसं कळतं?"

"ओढून तरी कळत नाही. प्रत्येक रोपाभोवती माती खचलीय, पाहिलं मी. तू रोज ओढून बघतेस. रात्रभर केसासारखं मूळ फुटतं, सकाळी तू ते तोडतेस."

मुलीने खाली पाहिले. "भीती वाटते."

"वाटणारच. भीती गेल्यावर हात आवर असं मी म्हणत नाही, तसं तर जन्म जाईल. भीती वाटली की हात काचेला लाव. बाहेरून."

त्या दिवसापासून ती तसे करू लागली. सकाळी दोन्ही तळवे गार काचेवर टेकवून ती उभी राही. आत गढूळपणा खाली बसत होता, पाणी निवळत होते, पण खुंटांवर काही नव्हते. वृद्धाने सांगितलेले तिला पटले होते. पटल्याने भीती जात नाही. तिची बोटे शिवशिवत. एकच ओढून पाहू, कडेचे, कुणाला कळणार नाही. तळवे काचेवर घट्ट दाबून ती तो क्षण जाऊ देई. काचेवर उमटलेले तिचे ठसे शेठजींची सून पदराने पुसून टाकी आणि काही बोलत नसे.

वास्तुशांतीचा दिवस आला. होमाचा धूर दिवाणखान्यात भरला. पाहुणे दारात चपला काढत आणि थबकत, शेठजींना हवे होते तसे नव्हे.

"शेठ, वाफा केलाय का? भात लावताय की मेथी?"

"पाण्यातली मेथी महाग पडेल हो," दुसरा म्हणाला, आणि चारजण हसले. शेठजीही हसले. त्यांचा हात मात्र उपरण्याचे टोक पिळत होता.

मग काका आले. तोच पांढरा सदरा. मुलगी तळ्याच्या एका कडेला उभी होती, तळवे मागे नेऊन काचेला टेकवलेले. वृद्ध दुसऱ्या कडेला खुर्चीवर होता. काकांनी आधी तळे पाहिले, मग तिला.

"हे तुझं काम?"

तिने मान हलवली.

"छान." काका शेठजींकडे वळून म्हणाले, "माफ करा. चूक माझीच. हिचं कुठंच मूळ धरत नाही." आणि पुन्हा तिच्याकडे, "सामान बांध. जेवणं झाली की निघू."

"काका, ती मेलेली नाहीत."

"मला शिकवू नकोस. समोर दिसतंय." त्यांनी बाही कोपरापर्यंत सरसावली. "हे बघ, दाखवतो. हे बघा शेठजी."

"ओढू नका," मुलगी म्हणाली.

वृद्ध खुर्चीतून उठला, पण त्याचे गुडघे तिच्या भीतीइतके चपळ नव्हते. काकांचा हात पाण्यात गेलाच होता. त्यांनी मधले खुंट दोन बोटांत धरले. मूळ धरले की नाही हे मुलीला ठाऊक नव्हते. तिने पाहिलेच नव्हते. जन्मात पहिल्यांदा तिने एखादी गोष्ट न ओढता राहू दिली होती, आणि आता सगळ्यांसमोर ती दुसऱ्याच कुणाच्या चिमटीत होती.

काकांनी ओढले.

खुंट आले नाही. त्यांनी बोटे आवळली आणि जोर लावला. भोवतालची माती तसूभर उचलली गेली, खुंटाबरोबर, एकाच ढेकळासारखी, आणि काकांची बोटे निसटताच सावकाश खाली बसली. पाण्यात थोडा गाळ फिरला. तो विरला तेव्हा उचललेल्या मातीच्या कडेशी, कंदाच्या अगदी बुडाशी, सुईच्या अग्राएवढे काहीतरी दिसले. हिरवे नव्हते. तांबूस होते, घट्ट गुंडाळलेले.

शेठजी वाकले. "हे काय? लाल?"

"या पाण्यातलं पान," मुलगी म्हणाली. तिचा आवाज कापत होता, पण शेवटपर्यंत ऐकू आला. "आधीची बाटलीतली होती."

शेठजी तसेच वाकून राहिले. मघाचे दोघे पाहुणेही वाकले. प्लॅस्टिकचे नाव कुणी काढले नाही.

काकांचा हात कोपरापर्यंत ओला होता, तो कुठे पुसावा हे त्यांना सुचेना. त्यांनी घसा साफ केला. "बरं. ते असू दे. तू सामान घे."

"मी येत नाही, काका."

"येत नाही म्हणजे? आणि इथंही टिकली नाहीस, तर मग…"

"तर मग काय?" मुलीने विचारले. तिचे तळवे अजून काचेवर होते. "वाक्य पुरं करा. मला खरंच ऐकायचंय."

काकांनी तोंड उघडले. सगळे थांबले होते, शेठजी, पाहुणे, पळी हातात धरलेले पुरोहितसुद्धा. काकांनी एकदा वर पाहिले, एकदा पाण्याकडे. त्या वाक्याच्या शेवटी काहीच नव्हते. इतकी वर्षे ज्याला भिऊन ती गावोगाव उपटली गेली होती, ते पलीकडून रिकामे होते, आणि हे काकांनाही आत्ताच कळत होते.

आतून पान वाढल्याची हाक आली. काका सदऱ्यालाच हात पुसत पंगतीकडे गेले आणि जेवण झाल्यावर एकटेच निघाले.

संध्याकाळी वृद्धाच्या घरी नव्या बाटल्यांची पेटी येऊन पडली होती. त्याने एक बाटली काढून मुलीपुढे ठेवली, झाकण बोटभर उचलले, खाली काडी सरकवली.

"आज एवढंच," तो म्हणाला. आणि ती विचारण्याच्या आत पुढे म्हणाला, "का, ते सांगतो."

भीती गेली नव्हती. पण मुलीने खुर्ची पुढे ओढली आणि ऐकायला बसली.

ज्या हातांनी झाकण घट्ट लावले, त्यांनी पान विरघळले म्हणून निदान रोप उपटायला तरी येऊ नये.